बुचाखालचे दोन हात

शनिवारची जेवणे उरकली, की आमच्या न्हाणीघरात एक छोटासा प्रयोग चालतो. बादलीत विहिरीचे पाणी काठोकाठ भरायचे, त्यात गळाच्या दोरीचे बूच सोडायचे आणि त्याच्या खाली तंगुसावर, म्हणजे गळाच्या नायलॉनच्या दोरीवर, शिशाच्या चिरलेल्या गोळ्या एकेक करून दातांनी दाबत जायचे. पहिल्या दोन-तीन गोळ्यांना बूच दाद देत नाही, आडवे पडून राहते. चौथ्या-पाचव्या गोळीला ते आळस देत उभे होते, आणि मग एक क्षण असा येतो, की आणखी बारीकशी गोळी लावली तर ते तळाला जाईल आणि न लावली तर त्याचे लाल टोक नेमके हवे तेवढे, दोन बोटे, पाण्याबाहेर राहील. तिथे थांबायचे. शिसे दातांनी दाबू नये, ते विषारी असते, हे घरातून दर शनिवारी ऐकवले जाते आणि ते खरेही आहे. आता मी त्यासाठी एक छोटी पक्कड ठेवली आहे, पण ती ऐन वेळी सापडत नाही.

इतक्या निगुतीने तोललेले हे बूच रविवारी सकाळी मालवणजवळ देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी पाण्यात सोडले, तेव्हा पहिल्या वेळी मी चक्रावूनच गेलो होतो. रात्री दोन बोटे वर राहिलेले टोक आता चांगले साडेतीन बोटे वर होते आणि वाऱ्याच्या प्रत्येक फुंकरीबरोबर कलत होते. शिशाची एखादी गोळी वाटेत गळून पडली असेल असे समजून मी दोरी ओढून पाहिली, तर गोळ्या सगळ्या जागच्या जागी होत्या. बदलले होते ते पाणी.

हिशेब अगदी साधा आहे, पण तो डोक्यात शिरायला मला ती सकाळ लागली. विहिरीचे एक लिटर पाणी वजनाला एक किलो भरते. समुद्राच्या पाण्यात दर लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे तेच एक लिटर एक किलो पंचवीस ग्रॅमच्या आसपास जाते. माझे बूच, शिसे, गळ आणि आमिष मिळून वीस ग्रॅमचा सरंजाम असेल, तर तरंगण्यासाठी त्याला विहिरीचे वीस घन सेंटीमीटर पाणी बाजूला सारावे लागते, खारे पाणी मात्र साडेएकोणीसच पुरते. राहिलेला अर्धा घन सेंटीमीटर पाण्याबाहेर येतो. बुचाचा वरचा भाग जाडजूड असता तर हा फरक जाणवलाही नसता, परंतु माझ्या बुचाची वरची काडी जेमतेम ५ मिलिमीटर जाडीची होती आणि तेवढ्या जाडीच्या काडीचा अर्धा घन सेंटीमीटर म्हणजे जवळजवळ अडीच सेंटीमीटर लांबी होते. दुधात किती पाणी घातले आहे हे सांगणारा लॅक्टोमीटर याच तत्त्वावर चालतो. मी मासे पकडण्यासाठी एक काडी केली होती आणि ती निघाली खाडीचा खारेपणा मोजणारी.

तेव्हापासून बुचाकडे पाहण्याची माझी नजरच बदलली. वैशाखात, नदीचे पाणी आटून समुद्र आतपर्यंत शिरलेला असतो तेव्हा, टोक उंच राहते. आषाढात सह्याद्रीवरून तांबडे, गढूळ पाणी लोंढ्याने उतरू लागले की तेच टोक खाली बसते, आणि शिशाची एक गोळी काढून टाकावी लागते. त्यातही मौज अशी, की गोडे पाणी हलके असल्यामुळे वरून वाहते आणि भरतीचे खारे पाणी जड म्हणून त्याच्या पोटाखालून आत सरकते. अशा दिवशी बूच गोड्या पाण्यात तरंगत असते आणि दोन-तीन हातांखाली लोंबणारे कोळंबीचे आमिष खाऱ्या पाण्यात. वरच्या पाण्यावरून खालच्या पाण्याचा अंदाज बांधायला जाणारा त्या दिवशी फसतो. मी पुष्कळदा फसलो आहे.

‘बूच’ हा शब्द मी सवयीने वापरतो आहे, पण त्या वस्तूत खरे बूच आता औषधालाही सापडत नाही. (औषधाच्या बाटल्यांनाही ते पूर्वी असे, आता तिथेही नाही.) लहानपणी आमच्याकडे टॉनिकच्या रिकाम्या बाटल्यांची बुचे डब्यात साठवून ठेवलेली असत. लोखंडी सळई चुलीत लाल करून बुचातून आरपार घातली, की चर्र असा आवाज होऊन जळक्या सालीचा एक उग्र, काहीसा गोडसर वास येई. त्या भोकात मोरपिसाचा सोललेला दांडा घट्ट बसवायचा, वरच्या टोकाला बहिणीच्या नखपॉलिशचे दोन हात द्यायचे आणि बहिणीच्या लक्षात येण्यापूर्वी बाटली जागेवर ठेवायची, इतकी त्याची कृती होती. मोरपिसाचा दांडा आतून भुसभुशीत आणि बाहेरून पाणी न शोषणारा असतो. तळ्यातल्या शांत पाण्यावर तर नुसता तो दांडाही पुरतो. खाडीच्या लाटेत मात्र तो दिसेनासा होतो, म्हणून त्याला बुचाचे पोट द्यावे लागते.

ते खरे बूच म्हणजे भूमध्य समुद्राच्या आसपास वाढणाऱ्या एका ओक वृक्षाची साल. जगातले निम्मे बूच आजही एकट्या पोर्तुगालमधून येते. झाड पंचवीस वर्षांचे होईपर्यंत साल काढायची नाही आणि पुढे एकदा काढल्यावर निदान नऊ वर्षे झाडाला हात लावायचा नाही, असा त्याचा धीराचा धंदा आहे. रॉबर्ट हुकने १६६५ मध्ये याच सालीचा पातळ काप भिंगाखाली धरला, तेव्हा त्याला मधमाश्यांच्या पोळ्यासारखे बंदिस्त कप्पे दिसले आणि त्या कप्प्यांना त्याने दिलेला शब्द पुढे साऱ्या जीवशास्त्राने पेशीसाठी उचलला. त्या कप्प्यांत हवा कोंडलेली असते आणि भिंतींना मेणासारखा थर असतो, म्हणून बूच महिनोन्‌महिने पाण्यात राहूनही जड होत नाही. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला रात्री पांढरी, लांब दांड्याची सुगंधी फुले टाकणारे जे बुचाचे झाड असते, त्याच्या सालीचेही हलक्या प्रतीचे बूच निघते, म्हणून त्याला ते नाव. त्याचा गळासाठी उपयोग करून पाहिला होता. सालीचा तुकडा आठवड्याभरात भेगाळला. त्यापेक्षा कुंपणावरचा पांगारा पुष्कळ बरा. शिमग्याच्या सुमारास लालभडक फुलणाऱ्या या झाडाचे लाकूड इतके हलके असते, की जाळ्यांच्या तरंगांसाठी ते पूर्वी सर्रास वापरले जाई. पण तेही पाणी पिते, म्हणून प्रत्येक खेपेनंतर उन्हात वाळवावे लागते. आता जाळ्यांना प्लॅस्टिकचे गोळे आहेत, गळाला थर्मोकोल आहे, आणि ज्याला तेही मिळत नाही त्याला झिजलेल्या रबरी चपलेचा तळवा आहे. नाव मात्र सगळ्यांचे बूचच राहिले.

मला गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, ज्यांनी शिकवले, त्यांना सारा वाडा दाजी म्हणत असे. ते रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, जाणारे आणि कांडाळी, म्हणजे पाण्यात उभे राहणारे जाळे, घालणारे मच्छीमार. काठी घेऊन बसणे हा त्यांच्या लेखी निवृत्तीनंतरचा उद्योग होता, आणि माझ्यासारख्या कुडाळहून स्कूटरवर येणाऱ्या माणसाला जवळ बसवून घेणे हा त्याहूनही रिकामा. पहिल्या दिवशी मी बुचावर डोळे खिळवून बसलो होतो, ते बुडले रे बुडले की काठी उचलत होतो आणि दर वेळी रिकामा गळ हवेत नाचवत होतो. तासाभराने ते म्हणाले, “बुडला म्हणून वडू नको. कोण बुडवता ता बघ.” मी विचारले, “दाजीनू, ते पाण्याखालचे मला वरून कसे दिसणार?” त्यावर त्यांनी काही उत्तर दिले नाही. माझी दोरी ओढून घेतली, बूच हातभर वर सरकवले आणि पुन्हा पाण्यात टाकली.

त्या हातभराचा अर्थ मला पुढे त्यांची कांडाळी पाहताना कळला. कांडाळीच्या वरच्या दोरीला बुचे ओवलेली असतात आणि खालच्या दोरीला शिसे. बुचे वर ओढतात, शिसे खाली ओढते आणि या ओढाताणीत जाळे भिंतीसारखे ताठ उभे राहते. बुचांचा जोर जास्त असेल तर ही भिंत पाण्याच्या पृष्ठभागाला टांगलेली राहते, शिशाचा जोर जास्त असेल तर ती तळावर उभी राहते. म्हणजे कोणत्या पाण्यातला मासा धरायचा हे जाळे पाण्यात पडण्याआधीच, दोरीवर बसून मोजलेल्या बुचांनी आणि शिशांनी ठरलेले असते. पाग, जे डोक्यावरून भिरकावतात, त्याला फक्त कडेचे शिसे असते, बूच एकही नसते. कारण त्याला कुठे टांगून राहायचे नसते, थेट तळाला जाऊन झाकण घालायचे असते. दाजींच्या दृष्टीने माझी काठी म्हणजे एका बुचाची, चार शिशांची आणि एकाच डोळ्याची कांडाळी होती. मासा लागला हे कळवणे हे बुचाचे दुय्यम काम. आमिष नेमक्या खोलीवर टांगून धरणे हे मुख्य.

मी इतकी वर्षे ज्याला घंटा समजत होतो, ती खुंटी होती.

आणि खाडीत ही खुंटी एका जागी राहत नाही. तळ्याकाठी बसणाऱ्याला एकदा खोली मोजली की दिवसभर पुरते. आमच्याकडे उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटीच्या पातळीत पावणेदोन-दोन मीटरचा फरक पडतो, आणि तो सव्वासहा तासांत एकसारखा पडत नाही. पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन, मग पुन्हा दोन, पुन्हा एक, असा त्याचा ढोबळ हिशेब खलाशी धरतात. म्हणजे पहिल्या तासात पाणी जेमतेम वीतभर चढते आणि मधल्या दोन तासांत तासाला चांगले हातभर. तळापासून वीतभर वर टांगलेली कोळंबी तासाभराने तळापासून सव्वा-दीड हातावर लोंबत असते, तिच्याखालून शेंगट्या निवांत फिरत असतात आणि वर बसलेला माणूस आज मासाच नाही म्हणून कुरकुरत असतो. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत हा चढउतार पुष्कळ कमी, त्यामुळे बुचाला हात लावायची गरजही कमी. दाजी भरतीची वेळ पंचांगावरून काढत. तिथीच्या आकड्याची पाऊणपट, म्हणजे अष्टमीला सहा वाजता, हा जुना हिशेब मुंबईच्या बंदराला चांगला बसतो. दक्षिणेकडे भरती जरा आधी येते, म्हणून ते त्यातून अंदाजाने थोडे वजा करत. मी मोबाइलवर भरतीचे कोष्टक दाखवले तेव्हा त्यांनी ते लक्षपूर्वक पाहिले, आपल्या हिशेबाशी ताडून पाहिले आणि मोबाइल बरोबर आहे असा निर्वाळा दिला.

बूच दोरीला पक्के बांधलेले असेल, तर एक व्यावहारिक अडचण येते. खोली काठीच्या लांबीपेक्षा जास्त झाली, की दोरी फेकताच येत नाही. चार हातांची काठी आणि सहा हातांची लोंबती दोरी घेऊन धक्क्यावर उभा राहिलेला माणूस शेजाऱ्याच्या टोपीशिवाय काही धरू शकत नाही. यावर उपाय सरकत्या बुचाचा. बूच दोरीवर मोकळे ठेवायचे, त्याच्या वर एक बारीक मणी ओवायचा आणि त्या मण्याच्या वर, हव्या त्या खोलीवर, दोरीभोवती शिवणाच्या जाड सुती दोऱ्याचे चार-पाच वेढे घेऊन गाठ आवळायची. गाठ ओली करून आवळली तर तंगूस सोलवटत नाही. तिची टोके पाव इंच ठेवायची, अगदी मुळाशी कापायची नाहीत. ताठ टोके कडीत अडकतात, मऊ टोके वाकून निघून जातात. फेकताना बूच शिशाला येऊन टेकलेले असते, पाण्यात पडले की शिसे दोरी खाली ओढत नेते आणि गाठ मण्याला भिडली की थांबते. एवढीशी गाठ काठीच्या कड्यांतून, रिळावरून गुपचूप आत-बाहेर करते. वीतभर सरकवायची असेल, तर ओल्या चिमटीने ढकलायची. माझ्या साऱ्या सामानात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त हाताळली जाणारी वस्तू हीच आहे.

आता ‘कोण बुडवता’ त्याविषयी. काळुंदर धक्क्याच्या खांबांना लागलेल्या शेवाळाभोवती घोटाळणारा मासा आहे आणि तो कणकेच्या गोळीला तोंड लावतो ते एखाद्या खोडकर मुलाने दार वाजवून पळावे तसे: टक, टक, मग काही नाही, मग पुन्हा टक. त्या टकटकीवर काठी उचलली की गळावर फक्त धुतलेली कणीक येते. थांबावे लागते, बूच हळूच तिरके चालू लागेपर्यंत. शेंगटी याच्या उलट, तिला आडपडदा नाही, ती घेते आणि खाली जाते, बूच सरळ नाहीसे होते. पण तिचे काटे विषारी, त्यामुळे तिला गळावरून सोडवताना आनंद मावळतो. टोळ पृष्ठभागालगत हिंडतो, म्हणून त्याच्यासाठी बुचाखाली हातभर दोरीही जास्त होते. तो बूच बुडवतच नाही, तर आडवे पळवतो. त्याच्या लांब, हाडकुळ्या चोचीत गळ रुतायला मांस नसते, म्हणून त्याला पळू द्यावे, आमिष आत जाऊ द्यावे. कुर्लीने (खेकड्याने) धरले तर बूच इतक्या सावकाश आणि इतक्या ठामपणे एका बाजूला झुकते, की मासा समजून हृदयाचे ठोके वाढतात. वर येते ती मात्र अर्धी खाल्लेली कोळंबी. सर्वांत फसवी खूण बूच आडवे पडण्याची. बूच बुडायच्या ऐवजी वर येऊन लोळले, तर नवखा माणूस दोरी तुटली समजतो. खरे म्हणजे माशाने आमिष उचलून वर घेतलेले असते, त्याबरोबर शेवटच्या शिशाचा भारही उचललेला असतो, आणि भार गेलेले बूच, बादलीतल्या पहिल्या गोळीच्या वेळी होते तसेच, आडवे होते. त्या क्षणी ओढायचे असते.

आणि याहून कितीतरी अधिक वेळा बूच जे काही सांगत असते, त्यात माशाचा संबंधच नसतो. वाहत्या पाण्यात वरचा थर तळच्या पाण्यापेक्षा वेगाने धावतो, त्यामुळे बूच पुढे जाते, आमिष मागे राहते आणि दोरी तिरकी होऊन वर उचलली जाते. चार हातांवर टांगलेले आमिष प्रत्यक्षात तीन हातांवर येते. म्हणून बुचाला मधूनमधून हलकेच रोखून धरावे लागते, म्हणजे आमिष पुढे जाते आणि बूच मागून येते. पाण्यावर पडलेल्या दोरीला वाऱ्याने पोट आले तर तेही बुचाला ओढते, म्हणून काठी उंच धरायची. हे सगळे मला दाजींनी ‘पाणी खंय जाता ता आधी बघ’ एवढ्या वाक्यात सांगितले होते. ते कळायला पाच वर्षे लागली.

माझा धाकटा भाऊ ह्यूस्टनला असतो. तिथून तासाभरावर गॅल्व्हेस्टनचा उपसागर आहे आणि तिकडच्या किनाऱ्यावर बुचाचा एक निराळाच संप्रदाय नांदतो. दोन वर्षांपूर्वी त्याने येताना माझ्यासाठी दोन ‘पॉपिंग कॉर्क’ आणले. नाव कॉर्क, वस्तू अर्थात फोमची. तिथेही नावाने वस्तूची साथ सोडलेली नाही. एका ताठ तारेवर मधोमध नारिंगी फोम, त्याचे वरचे तोंड बशीसारखे खोलगट, आणि तारेच्या दोन्ही टोकांना प्लॅस्टिकचे व पितळेचे मणी. काठीला झटका दिला की बशी पाणी गिळते, ‘गुळुप’ असा आवाज होतो आणि मणी एकमेकांवर खळखळतात. खाली दोनेक फुटांच्या दोरीवर जिवंत कोळंबी. पृष्ठभागावर उडणाऱ्या कोळंब्या आणि त्यांच्यावर झडप घालणारे मासे असाच आवाज करतात, म्हणून आसपासचे मासे पंगत बसली समजून धावत येतात. ज्याने गप्प बसावे अशी आपण अपेक्षा करतो, त्या बुचाला तिथे वाजंत्री केले आहे.

मला आधी ही अमेरिकी थाटाची गंमत वाटली. पण भावाने सांगितलेले दोन तपशील जुळवून पाहिल्यावर तिच्यामागचे शहाणपण दिसू लागले. गॅल्व्हेस्टनचा उपसागर सरासरी दोनच मीटर खोल आहे आणि तिथली भरती-ओहोटी फूट-दीड फुटाची. म्हणजे खोलीची विवंचनाच नाही, दोन फुटांची दोरी सकाळी बांधली की दिवसभर चालते. पाणी गढूळ आणि विस्तीर्ण आहे, तेव्हा माशाला बोलावण्याचे काम उरते. दुसरा तपशील माशांचा. तिथे या बुचाने जो मासा धरतात त्याला ते ठिपक्यांचा ‘ट्राउट’ म्हणतात, पण तो ट्राउट नव्हेच. तो आपल्या घोळ, ढोमी यांच्या कुळातला आहे. या कुळातले अनेक मासे पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून ढोलासारखा आवाज काढतात. आवाजाच्या दुनियेत राहणाऱ्या माशाला आवाजाने बोलावणे यात थिल्लर काही नाही.

ती हवेची पिशवी म्हणजे आपल्याकडचे बोत. घोळीच्या बोताला सोन्याचा भाव येतो, ते वाळवून परदेशी जाते, अशा बातम्या वर्तमानपत्रांत अधूनमधून झळकतात. अशाच काही माशांच्या वाळवलेल्या पिशव्यांपासून केलेला एक पदार्थ पूर्वी बिअर आणि वाइन नितळ करण्यासाठी वापरत. पण माशाच्या दृष्टीने ते त्याचे स्वतःचे बूच. त्यातली हवा कमी-अधिक करून तो हव्या त्या खोलीवर पंख न हलवता टांगून राहतो. मी शनिवारी रात्री बादलीवर वाकून शिशाच्या गोळ्यांनी जो तोल साधायला धडपडतो, तो मासा दिवसभर सहज साधत असतो. खोल पाण्यातून झटकन वर ओढलेल्या माशाचे बोत फुगून त्याचे जठर तोंडातून बाहेर ढकलते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या तोलाची किंमत वेगळी सांगायला नको.

ते वाजणारे बूच मी कर्लीत चार रविवार वापरले. पहिल्या दिवशी जिथे शेवटे (उत्तर कोकणात ज्यांना बोय म्हणतात ते) थव्याने चरत होते तिथे ‘गुळुप’ केले, आणि सारा थवा पाण्यातून उसळून दिसेनासा झाला. शेजारी बसलेल्या दोघांनी माझ्याकडे जे पाहिले, ते मी इथे लिहीत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारी ओहोटीच्या ओढीत बशीने इतके पाणी धरले, की बूच जागेवर ठरेना. चौथ्या खेपेला मी संध्याकाळी, भरती पुरी होण्याच्या सुमारास, कांदळवनाच्या कडेला, जिथे पाणी जेमतेम कमरेइतके असते तिथे ते टाकले. तीन झटके, मग शांतता, मग दोन झटके. बूच बुडाले नाही, ते जागच्या जागी गेले, जणू कुणी खालून हात घालून काढून घेतले. किलोभराची तांबोशी होती. रायगडात ज्याला जिताडा आणि गोव्यात चोणक म्हणतात, तो मासाही पृष्ठभागावर भक्ष्य गिळताना असाच दणका देतो, त्यामुळे त्याची आशा मी अजून सोडलेली नाही. पण एकंदरीत माझे मत असे झाले, की ते बूच त्या उपसागराचे अपत्य आहे. आमच्या खाडीत ते पाहुणा म्हणून ठीक.

थर्मोकोल मात्र मी सोडले. पावसाळ्यानंतर देवबागच्या पुळणीवर भरतीची रेघ पाहावी, तर सुक्या शेवाळात, नारळाच्या कवट्यांत पांढरे दाणे साबुदाण्यासारखे विखुरलेले असतात. ते सगळे गळाच्या बुचांचे नव्हेत, मासळीच्या पेट्यांचे अधिक असतील. पण माझीही दहा-बारा बुचे त्या पाण्याने नेली आहेत आणि त्यांचे पुढे काय झाले असेल हे त्या दाण्यांकडे पाहून कळते. आता मी पांगाऱ्याचा तुकडा तासतो, त्याला दोनदा तेल पाजतो आणि वर रंग देतो. ते थर्मोकोलपेक्षा जड असते, त्यामुळे शिसे कमी उचलते, वाऱ्यात मात्र कमी नाचते. हरवले तर कुजेल.

दाजी आता नाहीत. त्यांच्या कांडाळीची काही बुचे धक्क्याशेजारच्या माडाला टांगलेली आहेत, पांगाऱ्याची, उन्हाने करडी पडलेली, प्रत्येकाच्या मध्याला दोरीने घासून झालेली खोबण. मी बसतो ती जागा त्या माडाच्या सावलीत आहे.

परवाच्या रविवारी दुपारी ओहोटी संपत आली होती. नदीचा ओढ हळूहळू मंद होत गेला, समोरच्या भोगव्याच्या बाजूची वाळूची पट्टी रुंद झाली, आणि मग पाणी थांबले. अशा वेळी बूच कुठेच जात नाही. वाराही नव्हता, त्यामुळे ते काडीसारखे सरळ उभे होते आणि त्याचे प्रतिबिंब त्याच्याखाली तितकेच सरळ. दाजी या वेळेला बिडी पेटवत, कारण थांबलेल्या पाण्यात मासाही थांबतो असे त्यांचे म्हणणे होते. मी आमिष बदलले, पुन्हा टाकले आणि बसून राहिलो. दहा-पंधरा मिनिटे गेली असतील. मग बुचाचे लाल टोक किंचित कलले, इतका वेळ ज्या बाजूला ते ओढत होते त्याच्या विरुद्ध बाजूला, आणि एका जागी गिरकी घेऊन नदीच्या वरच्या अंगाला तोंड करून अगदी सावकाश निघाले. मी दोरी गुंडाळून घेतली, बोटे पाण्यात बुडवून ओली केली आणि गाठ चार बोटे वर सरकवली.